ओटो वाग्नर, आर्किटेक्ट आणि शिक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएन्ना पाहून आलेले प्रवासी, बी.आर्क.चे विद्यार्थी आणि निव्वळ कुतूहलापोटी लिहिणारे वाचक यांच्याकडून ओटो वाग्नर यांच्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. वाग्नर यांची ओळख बहुतेक ठिकाणी इमारतींवरून करून दिली जाते, पण त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे त्यांनी घडवलेले विद्यार्थी, असं आमचं मत आहे. इथली उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

१. ओटो वाग्नर कोण होते, हे थोडक्यात सांगाल का?

ओटो कोलोमान वाग्नर (१३ जुलै १८४१ ते ११ एप्रिल १९१८) हे ऑस्ट्रियाचे वास्तुविशारद, नगररचनाकार आणि व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीतले प्राध्यापक. व्हिएन्नाच्या शहरी रेल्वेची स्थानकं, पोस्टाच्या बचत बँकेची इमारत आणि स्टाइनहोफच्या टेकडीवरचं सोनेरी घुमटाचं चर्च ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कामं. जुन्या शैलींची नक्कल सोडून आपल्या काळाच्या गरजेतून, साहित्यातून आणि तंत्रातून वास्तुकला उभी राहिली पाहिजे, हे त्यांनी युरोपात अगदी सुरुवातीला आणि ठामपणे मांडलं. मांडून ते थांबले नाहीत, ते वर्षानुवर्षं शिकवलंही.

२. संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्याशी त्यांचं नातं होतं का? आणि भारतात काम केलेले ‘ओटो’ ते हेच का?

दोन्हींचं उत्तर नाही. रिचर्ड वाग्नर जर्मन होते, दोघांचं फक्त आडनाव सारखं. भारतात काम केलेले ओटो म्हणजे ओटो कोनिग्सबर्गर. त्यांचा जन्म बर्लिनचा, १९०८ चा. १९३९ मध्ये ते म्हैसूर संस्थानात आले आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षं केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यात होते. ओटो वाग्नर यांनी भारतात काहीही बांधलेलं नाही.

३. त्यांचं बालपण आणि शिक्षण कसं झालं?

जन्म पेन्झिंगचा. हे गाव तेव्हा व्हिएन्नाच्या वेशीबाहेर होतं, आता शहराचाच भाग आहे. वडील नोटरी होते. ओटो पाच वर्षांचे असताना ते वारले आणि मुलाला आईने वाढवलं. तिच्या करारीपणाचा ठसा त्यांच्यावर आयुष्यभर राहिला.

आधी व्हिएन्नाचं पॉलिटेक्निक, मग १८६० च्या सुमारास बर्लिनची बाउअकाडेमी (वास्तुकलेची शाळा) आणि नंतर १८६१ ते १८६३ व्हिएन्नाची ललित कला अकादमी, असं शिक्षण झालं. अकादमीत त्यांचे गुरू होते सिकार्ड्सबुर्ग आणि फान डेर न्युल, म्हणजे व्हिएन्नाच्या प्रसिद्ध ऑपेरा हाउसचे आर्किटेक्ट. या दोघांचा शेवट फार वाईट झाला. ऑपेराचं काम सुरू असताना त्यावर इतकी टीका झाली की १८६८ मध्ये फान डेर न्युल यांनी आत्महत्या केली, आणि काही आठवड्यांतच सिकार्ड्सबुर्गही गेले. इमारतीचं उद्घाटन १८६९ मध्ये झालं, ते दोघांनाही पाहता आलं नाही. पुढे टीकेला तोंड देताना वाग्नर एवढे कणखर का राहिले, याचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी असं वाटतं.

४. पन्नाशीपर्यंत त्यांनी काय केलं? त्या काळाबद्दल फारसं वाचायला मिळत नाही.

कारण ते तेव्हा ‘आधुनिक’ नव्हते. रिंगस्ट्रास या जुन्या शहराभोवतीच्या रुंद रस्त्याच्या उभारणीचा तो काळ होता. जुनी तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात संसद ग्रीक शैलीत, नगरसभा गॉथिक शैलीत आणि विद्यापीठ रेनेसाँ शैलीत उभं राहत होतं. वाग्नर त्याच वातावरणात लुडविग फोर्स्टर यांच्या कार्यालयात काम शिकले. आर्किटेक्ट थिओफिल हान्सेन यांच्या पॅले एपस्टाइन या हवेलीच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली. बुडापेस्टमधलं रुम्बाख रस्त्यावरचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (१८७२ च्या सुमारास पूर्ण) ही त्यांची तरुणपणीची मोठी स्वतंत्र इमारत. ती अष्टकोनी आहे आणि मूरिश, म्हणजे स्पेन-उत्तर आफ्रिकेतल्या इस्लामी वास्तुकलेच्या वळणाची आहे.

यानंतरचा बराच काळ त्यांनी भाड्याच्या सदनिकांच्या इमारती बांधण्यात घालवला, आणि त्याही बहुतेक स्वतःच्या पैशाने. जागा घ्यायची, इमारत बांधायची, कधी तिथेच काही काळ राहायचं, मग विकून पुढच्या कामाला लागायचं. म्हणजे आर्किटेक्ट तेच आणि बिल्डरही तेच. या काळाला कमी लेखू नये. भाडेकरूला काय लागतं, जिन्याची जागा कुठे वाया जाते, कुठलं साहित्य दहा वर्षांनी खराब होतं, हे त्यांना अकादमीत बसून कळलं नव्हतं. १८८० च्या दशकातल्या लेंडरबँकच्या इमारतीत तर पुढच्या वाग्नरची चाहूल लागते. बाहेरून ती रेनेसाँ दिसते, पण आत काचेच्या छताचा लख्ख हॉल आहे आणि कचेऱ्यांमधल्या भिंती गरजेप्रमाणे हलवता येतील अशी सोय केलेली आहे.

५. मग १८९४ मध्ये नेमकं काय बदललं?

एकाच वर्षात दोन जबाबदाऱ्या आल्या. आदल्या वर्षी, १८९३ मध्ये, व्हिएन्नाच्या विकास आराखड्याच्या स्पर्धेत वाग्नर यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं (ते योझेफ श्ट्युबन यांच्याबरोबर विभागून). त्यांच्या आराखड्यावर ब्रीदवाक्य होतं, ‘गरज हीच कलेची एकमेव स्वामिनी’. ते मूळचं जर्मन आर्किटेक्ट गोटफ्रीड झेम्पर यांचं. १८९४ मध्ये नव्या शहरी रेल्वेचे कलाविषयक सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी कार्ल फोन हासेनाउअर यांच्या निधनाने रिकामी झालेली अकादमीतली प्राध्यापकाची जागाही त्यांना मिळाली.

तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. हासेनाउअर हे जुन्या शैलींचे खंदे पुरस्कर्ते, आणि वाग्नर यांची आधीची कामं पाहता अकादमीला तसाच वारस हवा असणार. पण पहिल्याच व्याख्यानात वाग्नर यांनी सांगून टाकलं की आधुनिक जीवन हाच कलेचा एकमेव आरंभबिंदू आहे. या वयात, नाव आणि पैसा दोन्ही मिळालेले असताना, आपल्याच आयुष्याच्या कामाला प्रश्न विचारायला फार मोठं धैर्य लागतं. त्यांच्या चरित्रातला आम्हाला सर्वांत थोर वाटणारा भाग हाच.

६. ‘मोडेर्न आर्किटेक्टूर’ हे त्यांचं पुस्तक काय आहे? ते आज वाचावं का?

अकादमीतल्या पहिल्या व्याख्यानातल्या विचारांचा विस्तार म्हणजे हे छोटं पुस्तक. ते मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं आहे. पहिली आवृत्ती १८९६ ची. पुढे १८९८ आणि १९०२ मध्ये सुधारून आवृत्त्या निघाल्या. १९१४ च्या आवृत्तीत नाव बदलून ‘आपल्या काळाची बांधकामकला’ अशा अर्थाचं केलं. जे व्यवहारात उपयोगी नाही ते सुंदर असू शकत नाही, हे त्यातलं सर्वांत गाजलेलं विधान.

आर्किटेक्टने आधी हेतू समजून घ्यावा, मग साहित्य निवडावं, मग सोपी आणि किफायतशीर रचना शोधावी, आणि रूप यांतून आपोआप यावं, असा त्यांचा क्रम आहे. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावं, मात्र एक सावधगिरी बाळगावी. वाग्नर सजावटीच्या विरोधात आहेत असा समज करून पुस्तक उघडलं तर गोंधळ होतो. त्यांचा विरोध उसन्या सजावटीला होता (प्रश्न १० पाहा).

७. ते वर्गात शिकवायचे कसे?

हा प्रश्न सगळ्यांत कमी येतो, खरं तर सगळ्यांत जास्त यायला हवा.

अकादमीत त्यांच्याकडे असायची ती ‘विशेष शाळा’. नेहमीच्या वर्गापेक्षा तिचं रूप एखाद्या मोठ्या स्टुडिओसारखं होतं. प्रवेश दरवर्षी मोजक्यांनाच मिळायचा. बांधकामाचं प्राथमिक शिक्षण झालेले, जरा जाणते विद्यार्थी घेतले जायचे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता आणि त्याची रचना वाग्नर यांनी स्वतःच्या पुस्तकात सांगितली आहे. पहिल्या वर्षी साधी भाड्याच्या सदनिकांची इमारत. दुसऱ्या वर्षी एखादी सार्वजनिक इमारत. तिसऱ्या वर्षी असा विषय, जो विद्यार्थ्याला प्रत्यक्ष आयुष्यात बहुधा कधीच मिळणार नाही, जिथे त्याच्या कल्पनाशक्तीला मोकळं रान असेल.

हा क्रम नीट पाहा. तेव्हाच्या अकादम्यांत विद्यार्थी राजवाडे आणि स्मारकं यांपासूनच सुरुवात करायचे. वाग्नर यांनी आधी भाडेकरूचं घर ठेवलं, कारण बहुतेक आर्किटेक्टचा व्यवसाय त्यावरच चालणार हे त्यांना अनुभवाने माहीत होतं (प्रश्न ४ पाहा). आणि स्वप्नाला त्यांनी शेवटचं वर्ष दिलं, ते कापून टाकलं नाही. आपल्याकडे फायनल इयरच्या थीसिससाठी विषय निवडताना ‘वास्तववादी’ की ‘कल्पक’ असा जो वाद दरवर्षी होतो, त्याचं त्यांचं उत्तर सरळ होतं: दोन्ही हवेत, पण याच क्रमाने.

दुसरी गोष्ट म्हणजे शाळा आणि कार्यालय यांच्यातलं दार उघडं होतं. रेल्वेचं प्रचंड काम त्याच वर्षांत चालू असल्याने बरेच विद्यार्थी त्यांच्या कार्यालयात प्रत्यक्ष स्थानकांची रेखाटनं करायचे. शाळेतली निवडक कामं छापून प्रसिद्ध व्हायची, त्यामुळे विशीतल्या मुलाचं रेखाटन प्राग किंवा मिलानपर्यंत पोहोचत असे. इटलीचे आंतोनिओ सांतेलिया वाग्नरच्या वर्गात कधी बसले नाहीत, तरी त्यांच्या भविष्यकालीन शहरांच्या चित्रांवर या शाळेचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. या शाळेतून बाहेर पडलेल्यांच्या इमारती एकमेकींसारख्या दिसत नाहीत, आणि गुरूच्या इमारतींसारख्याही दिसत नाहीत.

८. त्यांचे प्रसिद्ध विद्यार्थी कोण?

जोसेफ होफमान हे पहिल्या तुकडीतले. १८९५ चं रोमचं पारितोषिक त्यांना मिळालं. पुढे त्यांनी व्हिएन्ना वर्कशॉप ही कलाकुसरीच्या वस्तू बनवणारी संस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि ब्रसेल्सचा पॅले स्टोक्ले हा बंगला बांधला. यान कोतेरा प्रागला गेले आणि आधुनिक चेक वास्तुकलेचे जनक ठरले. योझे प्लेचनिक हे ल्युब्लियानाच्या सुताराचे चिरंजीव. त्यांनी प्रागच्या किल्ल्यावर आणि नंतर आपल्या गावात इतकं काम केलं की आज ल्युब्लियाना म्हणजे प्लेचनिकचं शहर अशीच ओळख आहे. त्यांची तिथली कामं २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. रुडॉल्फ शिंडलर १९१४ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या किंग्ज रोडवर त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं घर कॅलिफोर्नियाच्या आधुनिक घरांचा आरंभ मानलं जातं.

कार्ल एन यांचं नाव मात्र हटकून राहून जातं. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने कामगारांसाठी जी घरं बांधली, त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध कार्ल-मार्क्स-होफ (१९२७ ते १९३०) त्यांचं आहे. एक किलोमीटरहून लांब इमारत, १,३८२ घरं. त्याच चळवळीत रॉयमानहोफ बांधणारे हुबर्ट गेस्नरही वाग्नरचेच विद्यार्थी. सम्राटाच्या काळातल्या प्राध्यापकाने पहिल्या वर्षाला भाड्याचं घर शिकवलं आणि पुढच्या पिढीने त्यातून कामगारांची वसाहत उभी केली, हा धागा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

९. ओल्ब्रिख, लोस, फाबियानी, नॉयत्रा हेही त्यांचे विद्यार्थी ना?

नाही, आणि इथे बरीच पुस्तकंही गल्लत करतात. योझेफ मारिया ओल्ब्रिख अकादमीत शिकले ते हासेनाउअर यांच्याकडे. वाग्नर यांच्या कार्यालयात ते १८९४ ते १८९८ सहायक होते आणि रेल्वेच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ते सहकारी, विद्यार्थी नव्हेत. माक्स फाबियानीही तंत्रशिक्षण घेऊन कार्यालयात आलेले. आडोल्फ लोस यांनी वाग्नर यांच्याकडे शिक्षण घेतलं नाही, पण इतरांवर तुटून पडणारे लोस वाग्नर यांच्याबद्दल मात्र आदराने लिहीत. रिचर्ड नॉयत्रा तंत्रविद्यापीठात शिकले. वाग्नरच्या इमारती पाहत ते मोठे झाले, एवढाच संबंध.

१०. ते स्वतः आर्ट नूवोचे (वेलबुट्टीदार, वळणदार अशा तेव्हाच्या नव्या शैलीचे) होते की त्याच्या विरोधात? त्यांच्या इमारतींवर तर फुलंच फुलं दिसतात.

हा प्रश्न बहुतेक वेळा लिंके विनत्साइले रस्त्यावरच्या दोन इमारतींचे फोटो पाहून येतो. १८९८-९९ मध्ये बांधलेल्या क्रमांक ४० ला ‘मायोलिकाहाउस’ म्हणतात. तिचा अख्खा दर्शनी भाग रंगीत टाइल्सचा आहे आणि त्यावर गुलाबी-हिरव्या वेली चढत गेल्या आहेत. शेजारच्या ३८ क्रमांकावर कलाकार कोलोमान मोझर यांची सोनेरी पदकं आहेत, आणि गच्चीच्या कोपऱ्यांवर शिल्पकार ओथमार शिमकोविट्झ यांचे हाक मारणाऱ्या स्त्रियांचे पुतळे.

वाग्नर १८९९ मध्ये चित्रकार क्लिम्ट, होफमान, ओल्ब्रिख यांच्या सेसेशन या, जुन्या कलासंस्थेपासून वेगळ्या झालेल्या कलाकारांच्या गटात गेले आणि १९०५ मध्ये क्लिम्ट यांच्याबरोबर बाहेर पडले. म्हणजे काही वर्षं ते त्या चळवळीचे नक्कीच होते, आणि त्यांच्या वयाचा, मानमरातब असलेला प्राध्यापक तिकडे गेला याचा शहरात मोठा गवगवा झाला. पण त्या टाइल्सकडे पुन्हा पाहा. नक्षी सपाट आहे, भिंतीबाहेर आलेली नाही. टाइल धुता येते, गिलाव्यासारखी काळवंडत नाही. खिडक्या सगळ्या मजल्यांवर सारख्या आहेत, कारण लिफ्ट आल्यावर वरचा मजला गरिबाचा आणि खालचा श्रीमंताचा हा भेद उरला नव्हता. वाग्नर यांची सजावट ही पातळ कातडीसारखी आहे, खाली काम करणारं शरीर आहे.

या घरांच्या गटात त्यांनी स्वतःसाठीही एक फ्लॅट ठेवला होता. त्यातलं काचेचं बाथटब असलेलं न्हाणीघर १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवलं गेलं.

११. शहरी रेल्वेत त्यांनी नक्की काय केलं?

रूळ कुठून जाणार हे अभियंत्यांनी ठरवलं. डोळ्यांना जे जे दिसतं ते वाग्नर यांच्या कार्यालयाचं: स्थानकं, पूल, कमानी, कठडे, दिवे, पाट्यांवरची अक्षरं. १८९४ ते १९०१ या वर्षांत जवळपास ४० किलोमीटरचं हे जाळं त्यांनी एका हाताने रेखाटल्यासारखं एकसंध ठेवलं. कार्ल्सप्लाट्झची दोन छोटी स्थानकं पोलादी सांगाड्याची आहेत आणि त्या सांगाड्यात संगमरवराच्या पातळ फरशा बसवल्या आहेत. सांगाडा लपवलेला नाही, उलट तो हिरव्या रंगाने उठून दिसतो. हिट्झिंगला सम्राटासाठी वेगळं स्थानक बांधलं, सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी ते फक्त दोनदा वापरलं.

१९६० नंतर मेट्रोसाठी ही स्थानकं पाडायची वेळ आली आणि काही पाडलीही गेली. कार्ल्सप्लाट्झची जोडी मात्र लोकांच्या विरोधामुळे वाचली. ती सुटी करून पुन्हा उभारली. आजच्या यू-४, यू-६ आणि एस-४५ या मार्गांवर प्रवास करताना तुम्ही वाग्नर यांच्याच रेल्वेतून जात असता.

१२. पोस्टाच्या बचत बँकेत एवढं विशेष काय आहे? फोटोत ती साधीच वाटते.

साधी वाटणं हेच त्या वेळी धक्कादायक होतं. बँक म्हणजे जाडजूड दगडी कोट, खांब आणि सिंह, अशी सवय असलेल्या शहरात वाग्नर यांनी १९०३ ची स्पर्धा जिंकून १९०४ ते १९०६ मध्ये ही इमारत उभी केली. मागचा भाग १९१० ते १९१२ मधला. बचत बँक होती छोट्या ठेवीदारांची, कारकून आणि दुकानदारांची. तिला राजवाड्याचा आव नको होता.

बाहेरच्या भिंतींवर संगमरवराच्या पातळ फरशा आहेत आणि प्रत्येक फरशीवर ॲल्युमिनियमच्या टोप्यांचे बोल्ट दिसतात, एकूण सुमारे १७,०००. त्या काळात ॲल्युमिनियम बांधकामात जवळपास कोणी वापरत नसे. आतल्या हॉलला काचेचं कमानदार छत आहे. जमीन काचेच्या विटांची आहे, म्हणजे वरचा उजेड तळघरातल्या खोल्यांपर्यंत उतरतो. गरम हवा सोडणारे ॲल्युमिनियमचे खांब भिंतीपाशी उघडे उभे आहेत, आणि तेच हॉलची सजावट. टेबलं, स्टुलं, कपाटं हेही वाग्नर यांनीच रेखाटलं. पाहण्याची एकच इमारत निवडायची झाली तर आम्ही हीच सुचवू.

१३. ते बोल्ट खरंच फरशा धरून ठेवतात की शोभेचे आहेत?

फरशा मुख्यतः चुन्या-सिमेंटच्या मसाल्यात बसवलेल्या आहेत. मसाला घट्ट होईपर्यंत त्यांना जागेवर ठेवण्याचं काम बोल्टनी केलं, त्यामुळे बांधकाम वेगाने झालं. पुढे त्यांची गरज कमी झाली तरी ते काढले नाहीत. काही अभ्यासक याला दिखाऊपणा म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. फरशी ही भिंत नाही, वरून लावलेला पातळ थर आहे, हे बोल्ट उघडपणे सांगतात. जाड दगडाचा भास निर्माण करणाऱ्या शेजारच्या इमारतींपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

१४. स्टाइनहोफचं चर्च मनोरुग्णांसाठी बांधलं होतं, म्हणजे नेमकं काय वेगळं केलं?

१९०४ ते १९०७ मध्ये बांधलेलं संत लिओपोल्डचं हे चर्च मनोरुग्णालयाच्या आवारात सर्वांत उंच जागी आहे. वाग्नर यांनी इथे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे यांचा बारकाईने विचार केला. बाकांचे कोपरे गोल केले, कुणाला लागू नये म्हणून. बाकांमध्ये रुंद वाटा ठेवल्या, कुणाला त्रास झाला तर परिचारकाला चटकन पोहोचता यावं म्हणून. जमीन वेदीकडे किंचित उतरती केली, मागच्यालाही दिसावं आणि धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून. पवित्र जल कुंडात साठवण्याऐवजी थेंबथेंब वाहतं ठेवलं, रोग पसरू नयेत म्हणून. उजेड चांगला यावा म्हणून इमारत रूढीप्रमाणे पूर्व-पश्चिम न ठेवता उत्तर-दक्षिण वळवली.

खिडक्यांची रंगीत काचकामं कोलोमान मोझर यांची आहेत. वेदीमागचं मोझेकही तेच करणार होते, पण लग्नासाठी त्यांनी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारल्यामुळे ते काम त्यांच्या हातून गेलं आणि रेमिगिउस गायलिंग यांनी केलं.

उद्घाटनाला आलेले युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांना चर्च मुळीच आवडलं नाही. अठराव्या शतकातली सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्या काळची शैली उत्तम, असं ते म्हणाले, आणि त्या काळी तोफांवरही नक्षी असे, आता त्या गुळगुळीत असतात, असं उत्तर वाग्नर यांनी दिल्याची गोष्ट सांगतात. संवाद शब्दशः असाच झाला असेल-नसेल, युवराजांची नाराजी मात्र खरी होती आणि तिची किंमत पुढे मोजावी लागली (प्रश्न १५ आणि १७ पाहा).

१५. एवढं नाव असून त्यांची इतकी कामं कागदावरच का राहिली?

सर्वांत दुखरं उदाहरण कार्ल्सप्लाट्झवरच्या नगर संग्रहालयाचं. वाग्नर यांनी १९०० पासून बारा वर्षं त्याचे आराखडे पुन्हा पुन्हा केले. १९०९-१० च्या सुमारास दर्शनी भागाचा खऱ्या आकाराचा नमुनाही जागेवर उभारला गेला. पण शेजारी फिशर फोन एर्लाख यांचं बरोक शैलीतलं (भव्य, नक्षीदार) कार्ल्सकिर्शे हे चर्च आहे. त्याच्याजवळ आधुनिक इमारत नको, असं म्हणणाऱ्यांचा जोर मोठा होता आणि दरबारातून पाठिंबा नव्हता. शेवटी तिथे संग्रहालय झालं ते १९५९ मध्ये, ओस्वाल्ड हेर्ट्ल यांच्या आराखड्याने.

१६. नगररचनेबद्दल त्यांचं म्हणणं काय होतं?

१९११ च्या ‘डी ग्रोसश्टाट’ या निबंधात ते सांगतात की महानगर वाढणारच, त्याला रोखण्यापेक्षा वाढीला शिस्त लावावी. सुमारे १ ते १.५ लाख वस्तीचे विभाग एकामागून एक जोडत जावेत. प्रत्येक विभागाला स्वतःचं मोकळं मैदान, शाळा, बाजार, सार्वजनिक इमारती असाव्यात. नगरपालिकेने कडेच्या जमिनी आधीच घेऊन ठेवाव्यात आणि भाव वाढल्यावर येणारा फायदा शहरासाठी खर्च करावा. ही शेवटची सूचना आजही कुठल्याही वाढत्या शहरात मोलाची आहे.

बाकीच्या चित्राबद्दल मात्र आमचं मत इतकं अनुकूल नाही. एकाच उंचीच्या इमारतींच्या सरळ, न संपणाऱ्या रांगा आणि गर्दीत केवळ ‘एक आकडा’ होऊन राहणं शहरी माणसाला आवडतं, हा त्यांचा विश्वास, यांत माणूस हरवतो. वाकड्या गल्ल्या आणि बंदिस्त चौकांची बाजू घेणारे नगररचनाकार कामिलो झिट्टे यांचं म्हणणं त्यांनी जरा सहानुभूतीने ऐकायला हवं होतं.

१७. निवृत्तीनंतर त्यांची शाळा कोणी चालवली?

वाग्नर १९१२ मध्ये निवृत्त झाले. प्राध्यापकांनी वारस म्हणून प्लेचनिक यांचं नाव पुन्हा पुन्हा सुचवलं, वाग्नर यांचीही तीच इच्छा होती. सरकारने ते नाकारलं, आणि त्यामागे फ्रान्झ फर्डिनांड यांचा विरोध होता. प्लेचनिक तोवर प्रागला शिकवायला गेलेच होते. १९१३ मध्ये जागा लिओपोल्ड बाउअर यांना मिळाली. ते वाग्नर यांचेच माजी विद्यार्थी, पण तोपर्यंत जुन्या शैलींकडे परतलेले. विद्यार्थ्यांमध्ये मोठी नाराजी झाली. शाळेची परंपरा व्हिएन्नात खंडित झाली आणि प्राग, ल्युब्लियाना, लॉस एंजेलिस अशी बाहेर वाढली.

१८. त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल काय माहीत आहे?

पहिलं लग्न १८६३ मध्ये आईच्या इच्छेने योझेफिने डोमहार्ट यांच्याशी झालं, ते टिकलं नाही. १८८४ मध्ये लुईझे श्टिफेल यांच्याशी दुसरं लग्न झालं आणि ते अतिशय सुखाचं ठरलं. हुटेलबेर्गश्ट्रासवरचा पहिला बंगला (१८८६ ते १८८८) कुटुंबासाठी बांधला. दुसरा, साधा आणि सरळ रेषांचा बंगला १९१२-१३ मध्ये त्याच्याच शेजारी उभा राहिला. दोन्ही एकापाठोपाठ पाहिले की माणूस पंचवीस वर्षांत कुठून कुठे आला हे समजतं. लुईझे १९१५ मध्ये गेल्या. त्यानंतर वाग्नर यांनी डायरी लिहिली ती पत्नीला उद्देशून, जणू रोज पत्र पाठवत आहेत अशी. १९१८ मध्ये डोब्लरगासेतल्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी क्लिम्ट, मोझर आणि चित्रकार एगोन शीलेही गेले.

१९. स्टाइनहोफचं अख्खं रुग्णालय वाग्नर यांनी बांधलं का? आणि नाझी काळात तिथे जे घडलं त्याच्याशी त्यांचं नाव का जोडलं जातं?

रुग्णालयाचे स्वतंत्र कक्ष कार्लो फोन बोग यांच्या आराखड्यांतून आले. आवाराची एकूण मांडणी वाग्नर यांनी सुधारली आणि चर्च त्यांचं. नंतरच्या काळात रुग्णालयालाच त्यांचं नाव दिल्यामुळे सगळं त्यांनीच बांधल्याचा समज झाला.

१९४० ते १९४५ या काळात याच आवारातल्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ या विभागात नाझी राजवटीने सुमारे ८०० आजारी आणि अपंग मुलांचे जीव घेतले. वाग्नर त्याच्या कितीतरी आधी गेले होते, त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण तिथे जाणाऱ्याने फक्त घुमट पाहून परतू नये. मुलांच्या स्मरणार्थ आवारात ७७२ दिव्यांचे खांब उभारले आहेत, तिथेही जाऊन यावं.

२०. व्हिएन्नात एकच दिवस आहे. काय पाहावं आणि कोणत्या क्रमाने?

सकाळी बचत बँकेपासून सुरुवात करावी, हॉल उघडा असेल तर आत जावं. तिथून कार्ल्सप्लाट्झला यावं. दोन स्थानकांपैकी एकात छोटं प्रदर्शन आणि दुसऱ्यात कॅफे आहे. पायी लिंके विनत्साइलेच्या दोन इमारती गाठाव्यात. समोरच नाश्मार्क्टचा बाजार आहे, जेवण तिथे होतं. दुपारी यू-४ ने हिट्झिंगला सम्राटाचं स्थानक पाहावं. याच भागातल्या दफनभूमीत वाग्नर यांनी स्वतः रेखाटलेलं त्यांचं थडगंही आहे. शेवटी ४८-ए बसने स्टाइनहोफला जावं. चर्च रोज दिवसभर उघडं नसतं, बहुतेक शनिवार-रविवारीच आत सोडतात, त्यामुळे वेळ आधी पाहून मगच वार ठरवावा.